छपराविना किती वर्षे? भंडारा जिल्हा आणि बेघरांची मोजणी

भारतात बेघर कोण, हे सरकारी कागदावर ठरण्याचा क्षण दहा वर्षांतून एकदा येतो, आणि तोही रात्री. २०११च्या जनगणनेत ती रात्र २८ फेब्रुवारीची होती. ९ फेब्रुवारीपासून प्रगणक घरोघर फिरत होते, पण ज्यांना घरच नाही त्यांच्यासाठी शेवटची एकच रात्र राखून ठेवली होती. १ मार्च सुरू होण्याच्या क्षणी देशात किती माणसे आहेत, हे गणनेला सांगायचे होते. फलाटावर झोपलेला माणूस उद्या तिथेच सापडेल याची खात्री नसते, म्हणून त्याला झोपलेल्या जागीच मोजायचे. भंडारा जिल्ह्यात अशा जागा कोणालाही सांगता येतील: वरठीचे भंडारा रोड स्थानक, तुमसर रोड जंक्शन, एसटीची स्थानके, राष्ट्रीय महामार्गालगतचे ढाबे आणि पूल, आणि ‘विदर्भाची काशी’ म्हणवणाऱ्या पवनीतली वैनगंगेच्या घाटांवरची देवळे.

जनगणनेची व्याख्या आखूड आणि स्पष्ट आहे. जे कुटुंब इमारतीत किंवा ‘जनगणना घरात’ राहत नाही, तर उघड्यावर, रस्त्याकडेला, पदपथावर, सिमेंटच्या मोठ्या नळात, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या किंवा मंडपाच्या आवारात अथवा रेल्वे फलाटावर राहते, ते बेघर. ‘घर’ म्हणजे काय याबाबत मात्र जनगणना फार उदार आहे. कुडाच्या भिंती आणि वर गवत असले तरी घर. कवेलू फुटलेले, एक बाजू पावसात कोसळलेली झोपडी, तीही घर. वीटभट्टीवर कच्च्या विटा रचून वर ताडपत्री टाकलेली, माणसाला वाकूनच आत शिरावे लागणारी खोपटी कोणत्या खान्यात जाईल, हे बरेचसे प्रगणकाच्या नजरेवर राहते. भटक्यांच्या पालांचेही तेच.

या मापाने २०११ साली देशात १७.७३ लाख माणसे बेघर निघाली. २००१ साली ती १९.४३ लाख होती. एकूण आकडा घटला, पण आत उलथापालथ झाली होती. खेड्यांतले बेघर साडेअकरा लाखांच्या वरून सुमारे ८.३ लाखांवर आले आणि शहरांतले ७.७८ लाखांवरून ९.३८ लाखांवर गेले. खेड्यात घरकुले झाली, हा याचा एक अर्थ. खेड्यातला बेघर शहरात गेला, हा दुसरा. एका रात्रीच्या मोजणीतून यांपैकी कोणता अर्थ किती खरा, ते कळत नाही.

प्रदेशाप्रदेशांची तुलना करतानाची पहिली चूक इथेच होते. नुसत्या संख्येने उत्तर प्रदेश पहिला (३.२९ लाख), महाराष्ट्र दुसरा (२.११ लाख) आणि राजस्थान तिसरा (१.८१ लाख). लोकसंख्येने भागले की क्रम फिरतो. दर दहा हजार माणसांमागे राजस्थानात सुमारे २६, महाराष्ट्रात १९, उत्तर प्रदेशात १६ ते १७, आणि देशाची सरासरी १५च्या आसपास. बृहन्मुंबईत हाच दर ४६च्या घरात जातो, कारण सव्वा कोटीच्या वस्तीत ५७ हजारांवर माणसे त्या रात्री रस्त्यावर नोंदली गेली. भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या तेव्हा १२,००,३३४ होती. राज्याचा सरासरी दर जसाच्या तसा लावला, तर जिल्ह्यात सव्वादोन हजार बेघर असायला हवेत. हा भंडाऱ्याचा आकडा नव्हे. राज्याच्या सरासरीत मुंबई आहे, पुणे आहे, नागपूर आहे. पाचांतली चार माणसे खेड्यात राहणाऱ्या धानपट्ट्याला ती सरासरी लावणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचे जोडे घालणे.

जिल्ह्याच्या पातळीवर आणखी एक अडचण असते. आकडे लहान असतात आणि लहान आकडा थोड्याशा धक्क्यानेही हलतो. भटक्यांची पंधरा पाले एका रात्री लाखनीच्या माळावर असली आणि दुसऱ्या रात्री साकोलीला गेली, तर दोन्ही तालुक्यांची टक्केवारी बदलते. २०११ची गणनेची रात्र तर विशेष होती. महाशिवरात्र त्या वर्षी २ मार्चला आली, म्हणजे मोजणीनंतर दोनच दिवसांनी. तुमसर तालुक्यातल्या गायमुखला आणि १९९९पर्यंत भंडाऱ्यातच असलेल्या, आता गोंदिया जिल्ह्यातल्या प्रतापगडला त्या दिवशी मोठी यात्रा भरते. यात्रेकरू बेघर नसतात. पण यात्रेच्या मागोमाग फिरणारे फुगेवाले, खेळणीवाले, डोंबारी, भिक्षेकरी यांची वाट याच दिवसांत वळते. तालुक्याचा आकडा वाचताना कॅलेंडर शेजारी ठेवावे लागते ते यासाठी.

ऋतूचेही तसेच. अमेरिकेत ही मोजणी जानेवारीच्या शेवटच्या दहा दिवसांत होते, कारण कडक थंडीत माणसे निवाऱ्यात येतात आणि मोजायला सोपी जातात. भंडाऱ्यात माणसाला आडोशाला ढकलणारा ऋतू पावसाळा. कोणी मे महिन्यात रात्री उघड्यावर झोपलेल्यांची गणती करायला निघालाच, तर अंगणात खाटा टाकून पडलेला अर्धा जिल्हा त्याच्या यादीत येईल.

इथपर्यंतच्या अडचणी मोजणाऱ्यांना ठाऊक आहेत आणि त्यांवर उपायही आहेत. खरा गुंता पुढे आहे. बेघर किती, याच्या जोडीला बेघर कधीपासून, हाही प्रश्न असतो, आणि भारताची मोजणी तो विचारतच नाही. २०११च्या कुटुंब पत्रकात २९ प्रश्न होते. कुटुंबाचा प्रकार लिहायचा रकाना होता: सामान्य, संस्थात्मक की बेघर. जन्म कुठे झाला, याआधी कुठे राहत होतात, तिथून का निघालात, या गावात किती वर्षे आहात, हे सगळे होते. छपराविना किती वर्षे गेली, एवढेच नव्हते. एखादा माणूस तुमसरमध्ये वीस वर्षे असेल आणि गेल्या महिन्यात भाड्याची खोली सुटल्याने फलाटावर आला असेल. दुसरा कालच गाडीतून उतरला असेल, पण नागपूर, दुर्ग, राजनांदगाव अशा स्थानकांवर त्याची पंधरा वर्षे गेली असतील. पत्रकात पहिला जुना आणि दुसरा नवा दिसेल. प्रत्यक्षात गोष्ट नेमकी उलटी आहे.

हा फरक समजायला भंडाऱ्याच्या माणसाला दूर जावे लागत नाही. जिल्हा तलावांचा आहे. माजी मालगुजारी तलावांना, म्हणजे लोकांच्या तोंडच्या ‘मामा’ तलावांना, पाणी मोजायची खूण असते. दोन तलावांत एकाच दिवशी पाण्याची पातळी सारखी असू शकते. एकात वरून पाणी येते आणि तुडूमातून तितकेच खाली बांध्यांत उतरते. दुसऱ्यात तेच पाणी महिनोन्‌महिने साचून असते. खुणेवर दोन्ही सारखे, पण एकाची दुरुस्ती कालव्यात करायची आणि दुसऱ्याचा गाळ काढायचा. बेघरांच्या बाबतीत एका रात्रीची गणना ही ती खूण. येणारे-जाणारे किती आणि साचून राहिलेले किती, हे त्या खुणेवरून कळत नाही.

यात आणखी एक फसवणूक दडलेली असते. एखाद्या स्थानकावर एक म्हातारा वर्षभर राहतो आणि त्याच्या शेजारच्या बाकावर दर महिन्याला वेगळा माणूस येऊन महिनाभर राहून जातो, असे समजा. कोणत्याही रात्री मोजा, दोन माणसे सापडतील, त्यांतला एक दीर्घकाळचा. म्हणजे निम्मे बेघर कायमचे, असा निष्कर्ष निघेल. वर्षभराची नोंद ठेवली तर एकूण तेरा माणसे निघतील आणि त्यांतला एकच दीर्घकाळचा. एकाच स्थानकाचे हे दोन हिशेब आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. एका रात्रीची मोजणी दीर्घकाळच्यांना फुगवून दाखवते, वर्षभराची नोंद त्यांना गर्दीत झाकून टाकते. दोन प्रदेशांची तुलना करताना एकाचा आकडा रात्रीचा आणि दुसऱ्याचा वर्षाचा घेतला, तर ती तुलना नुसती शाईची नासाडी.

अमेरिकेत रँडल कून आणि डेनिस कलहेन यांनी न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियातल्या निवाऱ्यांच्या नोंदी तपासून १९९८ साली हे दाखवून दिले. निवाऱ्यात आलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के थोडे दिवस राहून निघून गेले होते. सुमारे १० टक्के पुन्हा पुन्हा येत-जात होते. उरलेले सुमारे १० टक्के कायमचेच तिथे होते, आणि निवाऱ्यांतल्या एकूण मुक्कामाच्या दिवसांपैकी जवळपास निम्मे दिवस त्यांनीच वापरले होते. तेव्हापासून तिथली धोरणे बदलली. ‘दीर्घकालीन बेघर’ ही वेगळी सरकारी व्याख्या झाली: सलग बारा महिने, किंवा गेल्या तीन वर्षांत किमान चार वेळा मिळून बारा महिने छपराविना, आणि त्यासोबत अपंगत्व किंवा काम करू न देणारा आजार.

प्रत्येक देशाची पट्टी वेगळी आहे. जपान फक्त बागा, नदीकाठ, रस्ते, स्थानके इथे उघड्यावर राहणाऱ्यांनाच मोजतो. तिथे २००३ साली २५,२९६ आणि २०२४ साली २,८२० माणसे निघाली. बारा कोटींच्या देशात तीन हजारांच्या आत! पण रात्रभर उघड्या असणाऱ्या इंटरनेट कॅफेंच्या खुर्च्यांवर झोपणारे त्यात नाहीत, आणि टोकियो महानगराच्या २०१८ साली जाहीर झालेल्या पाहणीत एकट्या टोकियोत असे सुमारे ४ हजार होते. फिनलंड याच्या दुसऱ्या टोकाला. तिथे जागा नाही म्हणून नातेवाइकाकडे किंवा मित्राकडे राहणाराही बेघर धरतात, आणि त्यांच्या यादीत अशांचीच संख्या मोठी असते. युरोपात २००५पासून वापरात असलेली ‘इथॉस’ ही वर्गवारी चार पायऱ्या मानते: छप्पर नाही, घर नाही, घर आहे पण भरवसा नाही, घर आहे पण राहण्याजोगे नाही. या शिडीवर भारताची जनगणना पहिल्याच पायरीवर उभी आहे.

भंडाऱ्यात ‘बेघर’ हा शब्द बोलण्यात मात्र चारही पायऱ्यांवर फिरतो. महाराष्ट्रात कितीतरी गावांना ‘बेघर वस्ती’ नावाचा भाग असतो. भूमिहीनांना कधीकाळी भूखंड देऊन वसवलेली ती घरे; तिथे राहणाऱ्याला घर आहे, तरी वस्तीचे नाव पिढ्यान्‌पिढ्या बेघरच. ग्रामपंचायतीत जाऊन बेघर किती असे विचारले, तर उत्तर घरकुलाच्या यादीतून येते. २०११च्या सामाजिक, आर्थिक व जात सर्वेक्षणातून प्रधानमंत्री आवास योजनेची पहिली प्रतीक्षायादी झाली, ती गावात ‘ब यादी’. त्यात सुटलेल्यांसाठी २०१८-१९मध्ये ‘आवास प्लस’ची पाहणी झाली, ती ‘ड यादी’. या याद्यांत छप्पर नसलेले येतात आणि एक-दोन खोल्यांच्या कच्च्या घरातलेही. सर्वेक्षणाच्या नियमांत निवारा नसलेले कुटुंब कोणतीही अट न लावता आपोआप पात्र होते. पण यादीत नाव यायला गावात असावे लागते, कागद लागतात, आणि घरकुल बांधायला पायाखाली स्वतःची जागा लागते. जागा विकत घ्यायला मदत देणारी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची वेगळी योजना राज्याला काढावी लागली, यावरूनच अडले कुठे होते ते दिसते. दीर्घकाळ बेघर असलेल्याकडे या तिन्ही गोष्टी सहसा नसतात. जितकी वर्षे जास्त, तितके यादीत येणे अवघड.

शहरी बेघरांची वाट वेगळी. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात दर एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांसाठी बारमाही, चोवीस तास उघडा निवारा असावा असा निकष होता. लाखाच्या आतली शहरेही जिल्ह्याचे ठिकाण असली तर त्यात येत, म्हणून ९१,८४५ वस्तीचे भंडारा शहर पहिल्यापासून या चौकटीत बसत होते. खेड्यातल्या बेघरासाठी असा निवारा कोणत्याच योजनेत नाही. तिथे एकतर घरकुल, नाहीतर काही नाही. देशातले जवळपास निम्मे बेघर खेड्यांत नोंदले गेले असताना ही विभागणी कशाच्या आधारावर केली, ते समजणे कठीण आहे.

आणि नागपूर इथून साठ-पासष्ट किलोमीटरवर आहे. धानाची रोवणी आणि कापणी उरकली की जिल्ह्यातले मजूर बाहेर पडतात: नागपूरच्या बांधकामांवर, वीटभट्ट्यांवर, तेलंगणात मिरची तोडायला. बहुतेक परततात. जे परतत नाहीत, त्यांतला एखादा नागपूरच्या पुलाखाली वर्षे काढतो आणि नागपूरच्या आकड्यात जातो. मनोविकाराने घर सोडलेला माणूस तर जिल्ह्याची सीमा मानतच नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा भटकणाऱ्या माणसाला ताब्यात घेऊन उपचारापर्यंत नेण्याची जबाबदारी पोलिसांवर टाकली आहे, पण विदर्भातले प्रादेशिक मनोरुग्णालय नागपुरात आहे, म्हणून नोंदही तिथलीच होते. भंडाऱ्यात बेघर कमी दिसतात याचे एक कारण भंडाऱ्याचे बेघर भंडाऱ्यात नाहीत, हे असू शकते. माणूस जिथे झोपतो तिथे मोजायचा की जिथे त्याचे घर गेले तिथे, हे आधी ठरल्याशिवाय दोन जिल्ह्यांची तुलना करू नये.

घर गेले म्हणताना गोसीखुर्द आठवणे भाग आहे. पवनी तालुक्यात वैनगंगेवरच्या या धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते झाली, आणि पुनर्वसनाचा प्रश्न त्यानंतर तीन दशके धुमसत राहिला. बुडीत क्षेत्रातली गावे नव्या गावठाणांत हलवायची होती. काही कुटुंबे मोबदला घेऊनही जुन्या घरातच राहिली, काही नव्या भूखंडावर टिनाच्या आडोशात. जनगणनेच्या व्याख्येत यांतले कोणीच बेघर नाही, कारण डोक्यावर काहीतरी आहे. ‘इथॉस’च्या शिडीवर ते तिसऱ्या किंवा चौथ्या पायरीवर येतील. सरकारदरबारी त्यांचे नाव प्रकल्पग्रस्त, आणि ती यादी वेगळ्याच कार्यालयात. २०२०च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला, भंडारा शहराचा बराच भाग पाण्यात गेला, हजारो माणसांना बाहेर काढावे लागले. पूरग्रस्त ही आणखी एक यादी. पाणी ओसरल्यावर किती जण घरी परतले आणि किती जण परतलेच नाहीत, हे पाहायला याद्या एकमेकींशी जोडाव्या लागतात, आणि त्या जोडण्याची रीत नाही.

भटक्या जमातींच्या बाबतीत तर शब्दच अपुरा पडतो. पालात जन्मलेल्याचे घर ‘गेलेले’ नसते, ते कधी झालेलेच नसते. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने २००८च्या अहवालात या समाजांकडे जमीन, घर आणि ओळखीचा कागद या तिन्हींचा अभाव असल्याचे मांडले. राज्याने २०११ साली यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आणली. त्यात वीस कुटुंबांची वसाहत, प्रत्येकी पाच गुंठे जागा आणि २६९ चौरस फुटांचे घर. अशा कुटुंबाला कधीपासून बेघर आहात असे विचारले, तर उत्तर वर्षांत येणार नाही, पिढ्यांत येईल. दीर्घकाळची कोणतीही व्याख्या करताना या उत्तराला जागा ठेवावी लागेल.

मग मोजायचे कसे? उपाय फार खर्चिक नाहीत. पहिला म्हणजे तीन प्रश्न: शेवटचे पक्के छप्पर कुठे होते, ते सुटून किती काळ झाला, आणि मधल्या काळात किती वेळा छप्पर मिळून पुन्हा गेले. वर्षे आठवत नाहीत अशी तक्रार येते, पण लोकसंख्याशास्त्राकडे यावर जुना तोडगा आहे: घटनांचे कॅलेंडर. भंडाऱ्यात ते सहज बनते. गोंदिया वेगळा झाला ते १९९९, नोटाबंदी २०१६, टाळेबंदी मार्च २०२०, वैनगंगेचा महापूर त्याच ऑगस्टचा. ‘पुराच्या आधी की नंतर?’ या प्रश्नाला वरठीच्या फलाटावरचा म्हाताराही उत्तर देतो.

दुसरा उपाय नावनिशीवार यादी. मोजणी वर्षातून एकदाच न करता निदान तीन वेळा करायची, पावसाळ्यात, हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात. तिन्ही वेळा तोच माणूस भेटला तर तो साचलेल्या पाण्यातला. खरे नाव सांगायला माणसे बिचकतात, आणि ते वावगेही नाही. महाराष्ट्रात १९५९चा भिक्षा प्रतिबंधक कायदा आहे, त्यामुळे रात्री वही घेऊन आलेला माणूस पोलिसांचाच वाटतो. मोजणीला सोबत आशाताई किंवा स्थानकावरचा चहावाला असला, तर गणवेशातल्या माणसापेक्षा जास्त नावे मिळतील. बायका तर रात्री दिसतच नाहीत. त्या दिवसा झोपतात, रात्री जागा बदलत राहतात, आणि एका फेरीत हमखास सुटतात.

सुटले किती, हेही मोजता येते. न्यूयॉर्कमध्ये मोजणीच्या रात्री काही ओळखीची माणसे मुद्दाम रस्त्यावर बसवून ठेवतात आणि मोजणाऱ्यांना ती सापडली की नाही हे सकाळी तपासतात. समजा पाच बसवली आणि चार सापडली, तर मोजलेल्या चाळिसांमागे आणखी दहा सुटली असा अंदाज बांधता येतो. दोन तालुक्यांत हे प्रमाण वेगळे निघाले, तर फरक बेघरांत आहे की मोजणाऱ्यांत, तेही कळते. तालुका मोठा नसला तरी युक्ती तीच.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०२१मध्ये बेघरपणावर ठराव केला आणि त्यात देशांनी याची विश्वासार्ह आकडेवारी गोळा करावी असे म्हटले. भारतात २०२१ची जनगणना तोवर करोनामुळे लांबलेली होती. पुढच्या जनगणनेची अधिसूचना १६ जून २०२५ रोजी निघाली. बहुतेक देशासाठी संदर्भ क्षण १ मार्च २०२७च्या मध्यरात्रीचा ठरला आहे. जुनी पद्धत कायम राहिली तर बेघरांची रात्र पुन्हा २८ फेब्रुवारीचीच असेल. त्या वर्षी महाशिवरात्र ६ मार्चला आहे.